लाल पेन्सिलीचा रविवार

नवा कार्यक्रम रंगमंचावर जायच्या आधीच्या रविवारी चिमटा वही घेऊन ताईच्या जेवणाच्या टेबलाशी बसतो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचून दाखवतो, आणि वाचून झालं की घरातल्या प्रत्येकाला त्यातला एक विनोद लाल पेन्सिलीने ठार मारायचा हक्क असतो. हा कायदा सव्वीस वर्षांचा. तो केला आईने, आणि विनाकारण केला नव्हता. पहिल्याच जाहीर कार्यक्रमात चिमट्याने तीनशे अनोळखी माणसांसमोर बाबांची कवळी काढली होती. शब्दांनीच काढली, पण बाबांना त्यात फारसा फरक वाटला नाही. वजनमापं तपासणारा माणूस. ज्याला लांबून बघून अख्खा बाजार काटे सरळ करायचा, तो पुढचे चार महिने घरात चिठ्ठ्या लिहून बोलला.

‘जे चारचौघांत बोलायचं ते आधी घरात बोल,’ आई म्हणाली. ‘आणि प्रत्येकाला एक खोडू दे. एकच. दोन दिले तर तुझ्या धंद्यात काही शिल्लक राहायचं नाही.’

पेन्सिल ताईची. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासून ती निवृत्त झाली, तेव्हा लोकांना घड्याळ मिळतं तशी तिला लाल पेन्सिलींची पेटी मिळाली होती. खोडाखोड झालेली वहीही ताईकडेच राहायची, कपाटात चादरींच्या खाली, म्हणजे खोडलेला विनोद चोरून वापरायचा मोह नको. चिमटा दुसऱ्या, कोऱ्या वहीत उरलेलं उतरवून घ्यायचा. आई गेली, बाबा गेले, कायदा राहिला. आईबापांच्या मागे एवढं एकमताने टिकलेलं त्या घरात दुसरं काही नव्हतं.

तर असा तो रविवार. सकाळचे अकरा. टेबलाच्या एका बाजूला भावोजी, म्हणजे ताईचा नवरा. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेला आणि विनोद संपायच्या आधीच हसणारा माणूस. त्याच्या शेजारी धाकटा भाऊ. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि दुकानाच्या गल्ल्यामागे बसून तो चिमट्याच्या कार्यक्रमांच्या तारखा सांभाळायचा. समोर चिमट्याची बायको. ती नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होती. विंगेच्या अंधारात उभी राहून अडलेल्या नटाला पुढचं वाक्य पुरवायचं काम. तिच्यामुळे तीस वर्षांत एकही नट अडलेला कुणाला दिसला नव्हता, आणि म्हणून तीही कुणाला दिसली नव्हती.

आणि मधोमध चिमटा. वय एकसष्ट. पाळण्यात असताना वाकून बघणाऱ्या प्रत्येकाला चिमटे काढायचा म्हणून पडलेलं नाव आता फलकांवर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लागत होतं. येत्या शनिवारी आठशे खुर्च्यांचं नाट्यगृह भरलं होतं. फलकावर नावाखाली लिहिलं होतं, ‘संपूर्ण नवा कार्यक्रम’.

‘सुरू करू?’ चिमट्याने वही उघडली. ‘यंदाचा माल वेगळा आहे, आधीच सांगतो. चार महिने पहाटे उठून लिहिलंय.’

‘पहाटे तू फक्त कूस बदलायला उठायचास,’ ताई म्हणाली.

‘मित्रहो,’ चिमटा वाचू लागला, ‘माझी पहिली नोकरी बसस्थानकावर घोषणा करायची. पाचची गाडी सहाला येईल. सहाची येणार नाही. तिने आपली वेळ पाचच्या गाडीला दिली आहे. प्रवासी हसले. साहेब हसले नाहीत. साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका; तुमची वेळ आम्ही दुसऱ्याला दिली आहे.’

भावोजींनी टेबलावर थाप मारली.

‘वा रे पठ्ठे! आम्हालाच जुना माल?’

धाकटा हसला. चिमट्याची बायकोही हसली, जरा उशिरा. कारण ही सुरुवात त्या घरातल्या भिंतींनाही पाठ होती. दोन वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाची सुरुवात. तिचे एकशे ऐंशी प्रयोग झाले होते. गाड्या धुणारा माणूससुद्धा ती म्हणून दाखवायचा.

चिमट्याने चष्म्यावरून भावोजींकडे पाहिलं. चेहरा कोरा. त्याच्या त्या कोऱ्या चेहऱ्यावर समीक्षकांनी दोन लेख लिहिले होते.

‘भावोजी, अजून हसायची जागा यायचीय,’ तो म्हणाला आणि पुढे वाचू लागला.

‘मग मी सिनेमात गेलो. पहिली दहा वर्षं मी नायकाचा मित्र होतो. पुढची दहा नायिकेचा मामा. आता नायिकेचा बाप आहे. तीस वर्षांत मी नायिकेच्या इतका जवळ आलो, पण तिचं लग्न दर वेळी दुसऱ्याशीच लावून द्यावं लागतं. अकरा सिनेमांत मी मेलो. अकराही वेळा मध्यंतराच्या आधी. निर्माते म्हणतात, तुम्हाला पुढे जिवंत ठेवलं तर दुपारचं जेवण द्यावं लागतं.’

हाही जुनाच. शब्दन्‌शब्द.

‘फार लांबवतोय बरं का हा,’ भावोजी धाकट्याच्या कानात म्हणाले, पण त्यांचं कानातलं बोलणं शेजारच्या घरात ऐकू जायचं. ‘बघ हं, आता एकदम पलटी मारणार. आपण गाफील झालो की खरा कार्यक्रम सुरू.’

ताई हसली नव्हती. पण ताई कधीच हसत नसे, त्यामुळे त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. हीसुद्धा जुनीच रीत. चिमटा सात वर्षांचा आणि ती बारा वर्षांची असल्यापासूनची. जिन्याखाली, जुन्या सायकलीच्या मागे बसून तो तिला विनोद सांगायचा आणि ती न हसता ऐकायची. आधी ऐकलेला असला तर एकच शब्द बोलायची: ‘झालाय.’ की तो विनोद तिथेच मेला. चिमटा पुन्हा म्हणून त्याचं नाव घ्यायचा नाही. पुढे मुलाखतींत गुरू कोण असं विचारलं की तो मोठमोठ्या माणसांची नावं घ्यायचा. ताई त्या मुलाखती वाचायची आणि त्यातल्या छपाईच्या चुका तेवढ्या काढायची.

धाकट्यावरचा विनोद आला. दुकानात चष्मा घातल्यावर गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी किंमत दिसते आणि मग त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा अंधारी येते, तो. धाकट्याने न हसता जीभ बाहेर काढून दाखवली. दोन वर्षांपूर्वीही त्याने इथेच जीभ काढली होती.

आणि मग चिमट्याने पान उलटलं.

‘आमच्या भावोजींनी चाळीस वर्षं जमिनी मोजल्या. लग्नाच्या दिवशी ते ताईकडे एकटक बघत होते. आई म्हणाली, किती प्रेमाने बघतायत. मी म्हटलं, आई, ते मोजतायत. त्या रात्रीच त्यांनी पलंगाची हद्द कायम केली. ताईच्या बाजूला चार बोटं जास्त गेली. त्यावरचं अपील अजून चालू आहे.’

भावोजींचं हसू अर्ध्यावर अडकलं.

‘हा कसा आला? हा तर मी खोडला होता!’

‘कधी?’ चिमट्याने विचारलं.

‘कधी म्हणजे? मागच्या वेळी! पलंगाचं चारचौघांत नको म्हटलं होतं मी. पेन्सिल मोडेपर्यंत खोडला होता!’

‘मागच्या वेळी तुमच्यावर काही नव्हतंच, भावोजी,’ चिमटा शांतपणे म्हणाला. ‘तुम्ही रुसला होतात की, मला का वगळलं म्हणून.’

धाकटा खो खो हसला. चिमट्याची बायको हसली नाही. ती टेबलावरच्या बशीचा काठ बोटाने पुसत होती, आणि बशी स्वच्छ होती.

ताईने हातातली पेन्सिल खाली पडू दिली आणि ती उचलायला वाकली.

चिमट्याची एक खोड जगात फक्त ताईला माहीत होती. तोंड कितीही कोरं ठेवलं तरी विनोद टाकताना त्याच्या डाव्या पायाचा अंगठा चपलेतून बाहेर येतो. सातव्या वर्षापासून येतो. सिनेमात तो मरतो तेव्हाही, दिग्दर्शकाने पाय दाखवले तर दिसेल, अंगठा बाहेर असतो. माणूस जगाला फसवू शकतो, पण जिन्याखाली शेजारी बसलेल्या बहिणीला नाही.

टेबलाखाली चपला होत्या. पाय होते. अंगठा चपलेत होता.

ताई वर यायला थोडा वेळ लागला. डोकं टेबलाला आपटलं ते तिला जाणवलंही नाही.

‘पाणी आणते,’ ती म्हणाली, आणि स्वयंपाकघराकडे न जाता आतल्या खोलीत गेली.

*

चादरींच्या खाली तेरा वह्या होत्या. सगळ्यात वरची दोन वर्षांपूर्वीची. ताईने ती उघडली. ज्याने चौतीस वर्षं मूळ प्रत आणि छापलेली प्रत शेजारी ठेवून पोट भरलं, त्याला शब्द कानात साठवायची सवय असते. बस. सिनेमा. चष्मा. पलंग. एकही शब्द हललेला नव्हता. चौथ्या पानावर चिमट्याने स्वतःसाठी लिहिलं होतं, ‘इथे पाणी पिणे’. आत्ता बाहेर, बरोबर त्याच जागी, तो पाणी प्याला होता.

तिने पलंगाच्या कडेला बसायला हात मागे नेला तर पलंग वाटला त्याहून खाली होता.

दारात चिमट्याची बायको उभी होती. तिने दार मागे लोटलं. आवाज न करता, विंगेत लोटतात तसं.

‘कधीपासून?’ ताईने विचारलं.

‘कळलं ते गेल्या वर्षी. त्याआधीही असेल.’

‘सिनेमे?’

‘मागच्यात तो न्यायाधीश होता. त्याच्यापुढच्या फायलीत सगळी वाक्यं मी लिहून ठेवली होती. दिग्दर्शक म्हणाला, काय अभ्यास आहे, खरा न्यायाधीशही फायलीतून असंच मान वर करून बघतो.’ ती हसायला गेली. ‘त्याआधीच्यात आजारी होता. पांघरुणावर लिहिली होती.’

‘डॉक्टर?’

‘दोनदा नेलं. डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? हा म्हणाला, तुमच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसलो तेव्हा मंगळवार होता. डॉक्टर एवढे हसले की नर्स आत आली. मग त्यांनी तीन शब्द सांगितले. लक्षात ठेवा म्हणाले. पाच मिनिटांनी विचारलं तर हा म्हणतो, डॉक्टर, मला विश्वासाने सांगितलेलं मी कुणाला सांगत नाही. परत हशा. जाताना त्यांनी याच्याबरोबर फोटो काढून घेतला. कागदावर लिहिलंय, प्रकृती उत्तम.’

ताईने वही मिटली. पुन्हा उघडली.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘तुम्ही दुरुस्त करायला गेला असता म्हणून.’

हे इतकं खरं होतं की ताईला रागही आला नाही.

‘पण हे, हे मला माहीत नव्हतं, ताई,’ बायकोचा आवाज आता खाली आला. ‘पहाटे उठून लिहायचा. दाराशी चहा ठेवला की म्हणायचा, आत नको येऊस, छान जमलंय. चार महिने मी देवाचे आभार मानत होते, की बाकी काही जाऊ दे, लिहिणं तरी शाबूत आहे. आत्ता, पहिल्या वाक्याला कळलं मला. तुमच्याबरोबरच.’

दार पुन्हा उघडलं. धाकटा.

‘काय चाललंय इथे? दादा विचारतोय, कार्यक्रम एवढा वाईट आहे का की बायका उठून गेल्या.’ त्याला वही दिसली. त्याने ती घेतली, चष्मा कपाळावर चढवून दोन पानं वाचली, आणि चष्मा खाली घ्यायचं विसरून गेला. ‘गंमत नाहीये ही?’

‘नाही.’

‘पण तो तर... वहिनी, शनिवार आहे ना! फलक लागलेत. नवा कार्यक्रम म्हणून लागलेत!’

‘मी विंगेत असेन,’ चिमट्याची बायको म्हणाली.

‘विंगेतून तू पुढचं वाक्य देशील,’ ताई म्हणाली. ‘हे सगळं आधी होऊन गेलंय, हे कुठल्या विंगेतून देणार?’

‘द्यायचंच कशाला?’ धाकट्याने एकदम बाजू पकडली, आणि ती वहिनीची होती. घरातल्या गेल्या सहा भांडणांत तो वहिनीच्या विरुद्ध होता, हे विशेष. ‘लोक जुनी गाणी नाही ऐकत पुन्हा पुन्हा? मी फलकावरचं ‘नवा’ पुसून घेतो. ‘लोकाग्रहास्तव’ लिहितो. त्याला कळायची गरज काय? त्याने लिहिलंय, तो करेल, लोक टाळ्या देतील. संपलं.’

‘आणि पुढच्या वर्षी?’

‘पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी!’

‘पुढच्या वर्षी तो पुन्हा हेच लिहून आणेल. आणि सगळं जग त्याला समोर बसून सांभाळून घेईल. त्याला, ज्याने उभ्या आयुष्यात दुसऱ्याचा तर सोडच, स्वतःचाही विनोद दोन कार्यक्रमांत वापरला नाही.’

‘म्हणूनच नका सांगू ना!’ चिमट्याची बायको म्हणाली. ‘मरेल तो, ताई.’

तेवढ्यात भावोजी आले. चेहऱ्यावर अजून पलंगाचा राग होता.

‘इथे बैठक आणि बाहेर मी एकटा? तो बघ, तिसऱ्यांदा विचारतोय, चहा कधी येणार. समोर रिकामा कप! काय अभिनय करतो लेकाचा, मी तर...’

कुणी हसलं नाही. भावोजींनी तिघांकडे पाहिलं. मग धाकट्याच्या हातातल्या वहीकडे. ती त्यांनी ओळखली. पलंगाच्या विनोदावर पेन्सिल मोडल्याचं भोक दुसऱ्या बाजूने दिसत होतं. त्यांनी बोट घातलं त्या भोकात. मोजणी करणारा माणूस. दोन खुणा जुळल्या की त्याला तिसरं काही सांगावं लागत नाही.

‘असं आहे होय,’ ते म्हणाले. आवाज, आयुष्यात पहिल्यांदा, शेजारच्या घरात गेला नसता.

मग त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि बाहेर गेले. तिघांना ऐकू आलं, खुर्ची ओढल्याचा आवाज आणि मग भावोजी:

‘हां, तो पलंगाचा पुन्हा वाच बघू. हद्द कायम केली, तिथून.’

चिमट्याने वाचला. भावोजी हसले. अगदी योग्य जागी, न चुकता, विनोद संपल्यावर. त्यांना तसं हसता येतं हे ताईला तीस वर्षांच्या संसारात माहीत नव्हतं.

‘बघा,’ धाकटा कुजबुजला. ‘तीन मतं झाली.’

‘मतं मोज तू,’ ताई म्हणाली. तिने त्याच्या हातातून वही घेतली, पदराखाली नाही की पाठीमागे नाही, सरळ हातात, आणि बाहेर जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. वही मांडीवर ठेवली.

*

‘आलात?’ चिमटा म्हणाला. ‘बरं झालं. आता तुझाच आहे, ताई. चिडू नकोस.’

ताईला माहीत होतं कोणता. दोन वर्षांपूर्वी हाच तिने खोडला होता. दुसऱ्यांदा ऐकायची वेळ येईल असं कुठल्याच कायद्यात नव्हतं.

‘बाबा गेले,’ चिमट्याने वाचलं, ‘तेव्हा पेपरात बातमी द्यायची होती. मी मजकूर लिहिला. अल्पशा आजाराने निधन. ताईने पेन्सिल काढली. म्हणाली, अल्पशा कुठे? नऊ महिने आजारी होते. खोडलं. पुढे होतं, अखेरपर्यंत हसतमुख. तेही खोडलं. म्हणाली, वजनमापं तपासणाऱ्या माणसाबद्दल कमीजास्त छापायचं नाही. वय दुरुस्त केलं. पत्ता दुरुस्त केला. खाली सही केली, तारीख घातली. मग कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, बरोबर आहे. आता रडायला हरकत नाही.’

भावोजी हसले. धाकटा हसला. चिमट्याची बायको सगळ्यांत छान हसली, पन्नास नाटकं पाठ असलेल्या बाईसारखी. तिघांचे डोळे मात्र ताईवर होते. चिमटाही तिच्याकडेच बघत होता, वयाच्या सातव्या वर्षापासून बघत आला तसा: मान किंचित तिरकी, निकालाची वाट बघत.

‘कसा आहे?’

हा माणूस सव्वीस वर्षं आठशे-आठशे माणसांना हसवून घरी यायचा आणि फोन करून एवढंच विचारायचा, तो तिसरा बरा होता का. ताईने आता खोटं हसून दाखवलं असतं तर त्याला काहीच कळलं नसतं. आणि त्या जिन्याखाली मग कुणीच बसलेलं उरलं नसतं.

‘झालाय,’ ती म्हणाली.

‘ताई!’ धाकटा ओरडला.

चिमटा दचकला, मग हसला. ‘झालाय? हा? घरातला प्रसंग आहे, ताई. कोणी चोरला?’

‘तूच केलायस.’

‘असं?’ त्याने मान हलवली आणि मागचं पान काढलं. ‘बरं. पलंग?’

‘झालाय.’

‘चष्मा?’

‘झालाय.’

‘पुरे करा ना,’ चिमट्याची बायको म्हणाली, पण अगदी हळू, वाक्य पुरवल्यासारखं, आणि ते कुणी उचललं नाही.

चिमट्याची बोटं आता भराभर पानं उलटत होती. ‘नायिकेचा बाप? बसस्थानक? बस तरी?’

‘सगळे झालेत, चिमट्या. दोन वर्षं झाली.’

‘शेवटचा? तो बाबा काट्यावर उभे राहतात तो?’

‘त्याला लोक टाळ्या वाजवत उभे राहिले होते.’

ताईने मांडीवरची वही उचलून त्याच्या वहीशेजारी ठेवली. त्याने दोन्ही बघितल्या. डाव्या हाताचं बोट एका ओळीवर, उजव्याचं दुसऱ्या. दोन्ही बोटं बरोबरीने खाली सरकत गेली. कुठेही थांबली नाहीत, कारण थांबायला कुठे फरकच नव्हता. बाहेर रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर केलं. भावोजी खुर्चीचा हात मोजत होते, वितीने, पुन्हा पुन्हा.

‘अक्षर माझंच आहे,’ चिमटा म्हणाला.

‘हो.’

‘दोन्हीकडे.’

‘हो.’

त्याने चष्मा काढला. बायकोकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला उरलेलं सगळं कळलं असावं. न्यायाधीशाची फाइल, पांघरूण, सगळं. कारण पुढे त्याने तिला काही विचारलं नाही.

‘चार महिने,’ तो म्हणाला. ‘रोज पहाटे. आणि मला वाटत होतं, काय गंमत आहे, या वेळी किती सहज सुचतंय.’

आणि भावोजी हसले. मुद्दाम नाही. धक्क्याने, उचकी लागावी तसे, सगळ्यांच्या आधी, नेहमीसारखे. पुढच्या क्षणी त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि त्यांच्या बोटांवरून पाणी ओघळायला लागलं.

चिमटा त्यांच्याकडे बघत राहिला. कसलंतरी वजन करत असल्यासारखा.

‘हे चाललं,’ तो म्हणाला.

‘दादा, अरे...’

‘थांब रे. भावोजी हसले ना? आपोआप हसले.’ त्याने पेन काढलं. नव्या वहीचं शेवटचं कोरं पान उघडून एक ओळ लिहिली. मग मान तिरकी करून ताईकडे बघितलं. ‘हा? हा नवा आहे?’

ताईने टेबलाखाली पाहिलं. या वेळी पेन्सिल पाडायचीही भीड ठेवली नाही, सरळ वाकून पाहिलं. डाव्या पायाचा अंगठा चपलेतून बाहेर आला होता आणि थरथरत होता.

‘नवा आहे,’ ती म्हणाली.

‘मग शनिवारी हेच. आजचं. तू टेबलाला डोकं आपटलंस तिथपासून. डॉक्टर वगैरे काही असतील तर तेही घेऊ.’

‘तेही आहेत,’ चिमट्याची बायको म्हणाली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र पक्का होता. ‘चांगले दोन हशे आहेत. मी देते तुला.’

‘आठशे लोकांपुढे सांगणार?’ धाकट्याला अजून धीर होत नव्हता. ‘मला हे आजारपण आहे म्हणून?’

‘तुला कुठे, मला आहे. तू फलक पुसणार होतास, ते मात्र सांगणार. तुझा तेवढा आवाज बाहेर येत होता, अर्थ आत्ता लागला. दार लाकडाचं आहे, कान माझे बरे आहेत.’ चिमट्याने लाल पेन्सिल उचलून टेबलाच्या मधोमध ठेवली. ‘आईचा नियम आहे. एकेकाला एक. बोला, कोणाला काय खोडायचंय?’

कुणी हात पुढे केला नाही. भावोजींनी तर मान दुसरीकडे वळवली. पेन्सिल जराशी घरंगळली आणि ताईच्या पुढ्यात येऊन थांबली.

ताईने ती उचलली. चौघांचेही चेहरे पडले. पण तिने नव्या वहीला हात लावला नाही. जुनी ओढून घेतली आणि बाबांच्या बातमीचं पान काढलं. दोन वर्षांपूर्वीची लाल रेघ अजून ताजी दिसत होती. छापखान्यात एक खूण असते: खोडलेला मजकूर परत हवा असला तर खोडलेल्या ओळीखाली ठिपके द्यायचे. सव्वीस वर्षांत त्या घरात ती खूण कुणी केली नव्हती. ताईने प्रत्येक शब्दाखाली एकेक ठिपका दिला, घाई न करता, ‘आता रडायला हरकत नाही’पर्यंत. मग समासात लिहिलं, ‘असू द्यावे’.

‘पण हा झालाय त्याचं काय?’ चिमट्याने विचारलं. ‘झालाय म्हणालीस.’

‘घरात झालाय. लोकांनी कुठे ऐकलाय?’

‘मग सही कर खाली,’ तो साहेबी आवाजात म्हणाला. ‘आणि तारीख घाल. सोळा.’

तारीख एकोणीस होती. भावोजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. चिमट्याच्या बायकोचे ओठ सवयीने हलले, पण आवाज आला नाही.

ताईने सही केली, आणि खाली नीट, ठळक अक्षरांत लिहिलं: सोळा.